निळी वाकळ

आमच्या बेळगाव भागात गोधडीला वाकळ म्हणतात. कानडी बोलणाऱ्या घरांत तीच कौदी होते. घर कुठल्याही भाषेचं असो, शिवण्याची रीत मात्र एकच. जुनी लुगडी, धोतरं, विटलेली परकर-पोलकी यांतलं जे धड उरलं असेल ते फाडून घ्यायचं, खाली एक सलग लुगडं अंथरायचं, मध्ये चिंध्यांचा गाभा भरायचा, वर ठिगळांचा थर लावायचा आणि चार बाजूंना चार बायका बसून कडेनं धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचं. सुगी सरली की उन्हाळ्यात सोप्यात नाही तर चिंचेखाली हे काम चाले. अशी वाकळ घरात पंधरा-वीस वर्षं सहज टिकते. ती कुणी शिवली हे तिच्यावर कुठं लिहिलेलं नसतं, आणि ती कुणी भिंतीवर टांगतही नाही. ती अंगावर घ्यायची वस्तू.

मी मात्र गेली काही वर्षं भिंतीवर टांगायच्या वाकळा शिवते आहे. त्यांचा रंग एकच, निळा. त्यावरची नक्षी सुईनं काढलेली नाही, ठशानं उठवलेली नाही. ती उन्हानं काढलेली आहे. हे ऐकून माणसं आधी हसतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं माहेर शहापूरचं. शहापूर आज बेळगावचाच एक भाग असलं तरी संस्थानं विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात होतं. तिथल्या आणि शेजारच्या वडगाव-खासबागेतल्या मागांचा खडखडाट ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. वडील एका कचेरीत ट्रेसर होते. इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर काळ्या शाईनं गिरवायचा हे त्यांचं काम. पुढं कचेऱ्यांत अमोनिया प्रिंट आली. पांढऱ्या कागदावर निळ्या-जांभळ्या रेघांची. पण तिच्या आधीची फेरो प्रिंट म्हणजे गडद निळ्या कागदावर पांढऱ्याशुभ्र रेघा. रद्द झालेले असे जुने नकाशे वडील घरी आणत आणि आमच्या वह्यांना त्यांची कव्हरं चढत. माझ्या गणिताच्या वहीवर कुठल्याशा पुलाचा अर्धा खांब होता. ट्रेसिंग क्लॉथचे उरलेसुरले तुकडे आई गरम पाण्यात भिजत घाली. त्याची चकचकीत खळ निघून गेली की आतून मलमलीसारखं तलम सुती कापड बाहेर पडे. त्याचे हातरुमाल होत. शाळेत इतका मऊ रुमाल दुसऱ्या कुणाकडे नसे.

त्या निळ्या कागदाचा जनक सर जॉन हर्शेल. युरेनस ग्रह शोधून काढणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा मुलगा, आणि स्वतःही मोठा खगोलशास्त्रज्ञ. १८४२ साली, उजेडाचा निरनिराळ्या रसायनांवर काय परिणाम होतो हे तपासताना त्याला ही रीत सापडली. तिचं नाव सायनोटाइप. लोहाचे दोन क्षार त्यासाठी लागतात. एक फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवट रंगाचं. दुसरं पोटॅशियम फेरिसायनाइड, माणकासारख्या लाल खड्यांचं. पहिलं शंभर मिलीलीटर पाण्यात पंचवीस ग्रॅम आणि दुसरं तेवढ्याच पाण्यात दहा ग्रॅम असं वेगवेगळं विरघळवून ठेवायचं. लागेल तेव्हा दोन्ही समभाग मिसळून कागदाला किंवा कापडाला लावायचं आणि अंधारात वाळवायचं. मग त्यावर ऊन पडलं की उन्हातल्या अतिनील किरणांनी लोहाचं रूप पालटतं, ते दुसऱ्या क्षाराशी जुळतं आणि प्रशियन ब्लू नावाचा, पाण्यात न विरघळणारा निळा रंग तिथल्या तिथं धाग्यात बसतो. जिथं ऊन पोचत नाही तिथले क्षार पाण्यात धुऊन जातात आणि कापडाचा मूळचा पांढरा रंग उरतो. कॅमेरा नको, अंधारी खोली नको, वीजही नको. नकाशांच्या नकला काढायला जगभरच्या कचेऱ्यांनी ही रीत उचलली. १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगला वेढा पडला होता, तेव्हा आत अडकलेल्या लोकांनी टपालाची तिकिटंसुद्धा याच रीतीनं छापली होती.

पण मला या सगळ्यात जवळची वाटते ती ॲना ॲटकिन्स ही बाई. जन्मल्यावर थोड्याच काळात तिची आई गेली आणि वैज्ञानिक वडिलांनी तिला वाढवलं. हर्शेल या घराच्या ओळखीचा. तिला समुद्रातल्या शेवाळांचा नाद होता, आणि ही शेवाळं इतकी नाजूक, इतकी गुंतागुंतीची की हातानं त्यांची चित्रं काढणं जिकिरीचं. मग तिनं वाळवलेलं शेवाळ थेट कागदावर ठेवलं आणि कागद उन्हात धरला. ऑक्टोबर १८४३ मध्ये तिच्या ब्रिटिश शेवाळांच्या पुस्तकाचा पहिला भाग निघाला. हे काम पुढं दहा वर्षं चाललं. सुमारे चारशे पानं, आणि प्रत्येक प्रत हातानं छापलेली. छायाचित्रांनी सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते हेच. शेवाळांची नावंसुद्धा तिनं अर्धपारदर्शक कागदावर लिहून त्याच निळ्यात पांढरी उमटवली. स्वतःचं नाव मात्र दिलं नाही. ‘ए. ए.’ एवढीच अक्षरं. पुढं एका संग्राहकानं त्यांचा अर्थ ‘अनॉनिमस अमॅच्युअर’, म्हणजे कुणी निनावी हौशी व्यक्ती, असा लावला होता. वाकळ शिवणाऱ्या बायकांच्या वाट्याला तर तेवढीही अक्षरं येत नाहीत.

माझ्या घरात हे आलं ते मुलीमुळे. ती गोव्यात शिकायला होती. २०१४च्या दिवाळीला ती दोन तपकिरी बाटल्या घेऊन आली आणि परसात तुळशीची डहाळी, मोराचं पीस, माझा कंगवा असं काय काय कागदावर छापत बसली. ती सुट्टी संपवून परत गेली, बाटल्या इथंच राहिल्या. निळ्यावर पांढरी डहाळी पाहिली तेव्हा मला वडिलांच्या फेरो प्रिंटची आठवण झाली, आणि लगेच वाटलं की हे कागदावर कशाला, कापडावर का नको? आमच्या यांनी मात्र बाटलीवरचं ‘सायनाइड’ वाचून ती फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर नेऊन ठेवली. त्यांची समजूत काढायला दोन दिवस गेले. या क्षारातलं सायनाइड लोहाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की ते सुटं होत नाही. तीव्र आम्लाशी किंवा विस्तवाशी मात्र त्याची गाठ पडू द्यायची नाही, स्वयंपाकाची भांडी त्याला वापरायची नाहीत, आणि हातात मोजे घालायचे. तयार झालेला निळा रंग तर औषधातही वापरतात. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया गावी किरणोत्सारी सीझियमची बाधा झालेल्या लोकांना प्रशियन ब्लूच पोटात दिलं होतं. हे वाचून दाखवल्यावर बाटली खाली आली.

कापडाची पारख मला माहेरची. पॉलिस्टरमध्ये हे मिश्रण जिरत नाही, कापड सुतीच हवं, रेशीमही चालतं. नव्या कापडाला खळ असते, ती आधी उकळून काढावी लागते. आणि सगळ्यांत उत्तम कापड कुठलं, तर वीस वर्षं धुऊन धुऊन मऊ पडलेलं जुनं धोतर. म्हणजे जे कापड वाकळेला जातं तेच. सासऱ्यांची चार धोतरं ट्रंकेत होती. त्यांचे वीतभर लांबी-रुंदीचे चौकोन मी कापले.

हे काम सगळं ऋतूच्या तालावर चालतं. रानातली झाडपाल्याची खरी गर्दी आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा कडोलीला ऊन कुठलं? आभाळ चार-चार दिवस खाली उतरलेलं असतं. म्हणून पावसाळ्यात रोपं गोळा करायची, वर्तमानपत्रांच्या घडीत घालून पाट्याखाली दाबायची, दोन-तीन दिवसांनी कागद बदलायचे. दिवाळीनंतर स्वच्छ ऊन पडू लागलं की छापायला बसायचं. आदल्या रात्री माजघरात मिणमिणत्या दिव्याखाली कापडाला मिश्रण लावते. हाताला तेल असेल तर तेवढा ठिपका कोरा राहतो, म्हणून त्या दिवशी वेणीफणी नंतर. सकाळी फळीवर कापड, त्यावर रोप, त्यावर जुन्या खिडकीची काच, आणि कडांना चिमटे. मग उन्हात. कापड आधी पोपटी-पिवळं असतं. बघता बघता ते हिरवट होतं, मग निळसर, आणि शेवटी जुन्या काशाच्या वाटीसारखं राखी. हा राखी रंग आला की झालं. माघ-फाल्गुनातलं दुपारचं ऊन असेल तर दहा-पंधरा मिनिटं पुरतात, ढगाळ असेल तर पाऊण तासही कमी पडतो. मग घागरभर पाण्यात कापड सोडायचं. बोअरच्या जड पाण्यात निळा मार खातो, म्हणून पहिल्या पाण्यात लिंबाचे चार थेंब पिळते. पिवळं पाणी निघून जातं आणि रोपाची पांढरी आकृती वर येते. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणाला मी घागरीवरून नजर काढत नाही.

हे सगळं चालू असताना सासूबाई सोप्यात बसून असत. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. आज त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. वयाच्या दहाव्या वर्षापासून भांगलणीला जात होत्या. लग्नानंतर घरचं रान, आणि घरचं आटोपलं की दुसऱ्याचं. बटाटा, रताळी, जोंधळा, भाजीपाला, पुढं ऊस. त्यांच्या खुरप्याखालून कडोलीची किती माती वरखाली झाली असेल त्याचा हिशेब नाही. वाकळांचा तर त्यांना केवढा अभिमान! माझ्या मुलीच्या बारशाची वाकळ त्यांनी एकटीनं शिवली होती.

पहिले दहा-बारा चौकोन जोडून मी दारासमोरच्या भिंतीवर लावून पाहिले तेव्हा आत्तींनी विचारलं, “हे कशाला गे?”

“भिंतीवर लावायला, आत्ती.”

“भिताडाला काय थंडी वाजालीय व्हय गे?”

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. त्यांचा प्रश्न खरा होता. चांगलं धुवट कापड, सासऱ्यांचं धोतर, इतकी मेहनत, आणि पांघरायला कुणाला नाही! ज्या बाईनं आयुष्यभर चिंधीसुद्धा वाया घालवली नाही, तिनं हे विचारायचं नाही तर कुणी? माझ्याकडे त्याला चटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं. ‘शोभेसाठी’ हे उत्तर मला त्यांच्यासमोर उच्चारवेना.

२०१६च्या सुमारास आत्तींची नजर कमी होऊ लागली. आम्हाला वाटलं मोतीबिंदू असेल, काढून टाकला की झालं. पण निघाला काचबिंदू. त्यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे, एवढंच. नजर कडेकडून आत आत मिटत गेली. त्या सुईत दोरा ओवायच्या थांबल्या, मग सोप्याच्या पायऱ्या मोजून उतरू लागल्या. रानात जायचा हट्ट मात्र सुटेना. कुणी तरी हात धरून बांधापर्यंत नेलं की तिथंच बसायच्या आणि हाताला लागेल ते तण उपटायच्या.

एकदा त्यांनी असंच उपटून आणलेलं ओच्यातलं तण मी निवडत होते. मी प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं, मुलांना परिसर अभ्यास शिकवला, पण त्यातली चारच नावं मला सांगता आली. आत्तींनी एकेक काडी हातात घेऊन, कुरवाळून, वास घेऊन सगळी सांगितली. कुर्डू, घोळ, पाथरी, आंबुशी, माका, टाकळा, तांदुळजा, लव्हाळा, हरळी, केना. कशाची भाजी होते, कशाची गुरांना घालायची, कशाची मुळी तुटली तर दुप्पट उगवते, सगळं. आणि म्हणाल्या, “आता ही सगळी गावत न्हाईत. औषध मारत्यात की.” औषध म्हणजे तणनाशक. उसाच्या सरीत ते फवारलं की भांगलण वाचते, मजुरी वाचते. आमच्याही रानात फवारतात. भांगलायला बायका मिळत नाहीत ही अडचणही खोटी नाही. पण तणाबरोबर श्रावणातली अर्धी भाजी गेली, आणि भाजीबरोबर तिची नावं.

त्या दिवसापासून मी कंगवे-पिसं सोडून दिली. निळ्या चौकोनांवर फक्त आमच्या रानातलं तण येऊ लागलं. प्रत्येक चौकोनाखाली नाव. ट्रेसिंग पेपरवर वडिलांच्या पेननं काळ्या शाईत नाव लिहायचं आणि रोपाबरोबर तोही कागद उन्हात ठेवायचा. नाव पांढरं उमटतं. छापताना प्रत्येक तणाचा स्वभाव कळत गेला. घोळीची पानं रसाळ, काचेखाली फुटून कापडावर डाग पाडणारी. ती उपटून टाकली तरी चार दिवस जिवंत असते, वाळता वाळत नाही. टाकळ्याची पानं रात्री मिटतात, म्हणून तो दिवसाच दाबायचा. कुर्डूचा तुरा जाड, त्याचा नुसता पांढरा बोळा उमटतो. पण कोवळं रोप घेतलं तर पान न् पान सुटं दिसतं. छायाचित्रात वस्तू लहान होते, मोठी होते. इथं ती जेवढी असते तेवढीच उतरते, कारण ती खुद्द त्या कापडावर पडून राहिलेली असते.

हे चौकोन आत्तींना दिसत नव्हते. त्यांच्या हाताला सगळं कापड सारखंच लागायचं. मग मी पांढऱ्या आकृतीच्या कडेकडेनं, पानाच्या शिरेशिरेवरून, पांढऱ्या दोऱ्यानं धावदोरा घातला. खाली अस्तर, मध्ये जुन्या सोलापुरी चादरीचा गाभा, त्यामुळे टाक्यांमधला भाग फुगून वर आला. तो चौकोन त्यांच्या मांडीवर ठेवला. बोटं फिरू लागली. मी सांगणार इतक्यात त्या म्हणाल्या, “थांब, सांगू नको. ही पाथरी. पान कातरल्यालं हाय बघ कडंला.”

पाथरीच होती.

पुढचे चौकोन आत्तींच्या परीक्षेतून गेल्याशिवाय वाकळेत आले नाहीत. टाका जरा आळशीपणानं पडला की “ह्याचं पान असं नसतंय” म्हणून चौकोन परत. एका संध्याकाळी आमच्या रानात कामाला येणाऱ्या, कानडी बोलणाऱ्या दोघी पैसे न्यायला आल्या होत्या. त्याही बसल्या बोटं फिरवत. पाथरीला त्या हत्तरकी म्हणाल्या, घोळीला गोळी. आत्ती म्हणाल्या, “व्हय, बाजारात तसंच म्हणत्यात.” तेव्हापासून जिथं दुसरं नाव मिळालं तिथं तेही खाली छापलं. एकाच बुट्टीतली भाजी दोन्ही नावांनी विकली जाते; वाकळेवर ती दोन्ही नावांनी राहायला हरकत कुणाची?

वाद झाला तो काँग्रेस गवतावरून. १९५५च्या सुमारास हे परदेशी गवत पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि बघता बघता देशभर पसरलं. अंगाला लागलं तर खाज, गुरं तोंड लावत नाहीत. पण छाप मात्र सगळ्यांत देखणा याचाच! पान इतकं बारीक कातरलेलं की निळ्यावर जणू लेस विणली आहे. आत्तींनी बोट लावलं आणि चौकोन बाजूला सारला. “हे आमचं न्हवं.” मी आग्रह धरला नाही. पण महिन्याभरानं त्यांनीच विचारलं, “ते काँग्रेस कुठं ठेवलीस? बांधावर हाय ते सगळं घे. आता हाय म्हटल्यावर हाय.” तो चौकोन शेवटच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात बसला.

अशी तीस चौकोनांची पहिली वाकळ २०१८ साली पुरी झाली. आडवे पाच, उभे सहा. भोवती खणाची किनार, वर नेफा शिवून त्यात वेळूची काठी. कोपऱ्यांना मी दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावले आहेत. ते आमच्याकडचे नव्हेत. खानापूरच्या पलीकडे हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि पुढं तिथून निसटून रानात वसलेले. त्यांच्या बायका कवांदी नावाची वाकळ शिवतात. तीही कडेकडून सुरू होऊन मध्यात संपते. तिच्या चारी कोपऱ्यांत असे त्रिकोण असतात. त्यांना त्या फुला म्हणतात. फुला नसलेली कवांदी उघडी दिसते, असं त्या मानतात. मला ते पटलं.

आमच्या कडोलीत दर वर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, त्या निमित्तानं परगावची माणसं घरी येतात. अशाच एका पाहुण्याबरोबर आलेल्या गृहस्थांना वाकळ फार आवडली. असल्या वस्तू विकण्याचा त्यांचा व्यवसाय होता. त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून आमचे हे खुर्चीत सरसावून बसले. आणखी पाच करून द्या म्हणाले. फक्त एक सूचना होती. खालची नावं नकोत. निळा रंग आणि पांढरी पानं एवढंच असावं, अक्षरांनी नजर अडखळते. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल. त्यांच्या गिऱ्हाइकाला त्यात पानं दिसतील, सुंदर पानं. पण पाथरी, हत्तरकी, कुर्डू, माका ही अक्षरं काढली तर आमच्या हातात काय उरतं? मी चहा दिला, बेळगावचा कुंदा दिला आणि नाही म्हटलं. रात्री यांनी विचारलं, “पैशाला तरी नाव कशाला ठेवायचं?” मी म्हटलं, पैशाला नाही ठेवत, तणाला ठेवते आहे. ते कूस बदलून झोपले. दोन दिवस आमच्यात जेमतेम बोलणं होतं.

या निळ्याची काळजी मात्र घ्यावी लागते. धुण्याचा सोडा किंवा साध्या साबणाची पूड लागली की तो पिवळट पडतो, कारण क्षाराशी त्याचं जमत नाही. रिठ्याचं पाणी चालतं. सतत कडक उजेडात राहिला तरी फिकटतो; पण तेच कापड काही दिवस अंधारात, हवा लागेल असं ठेवलं की गेलेला निळा बराचसा परत येतो. म्हणून चैत्र-वैशाखात मी वाकळ उतरवून फडताळात ठेवते. हे आत्तींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “कापडाचं बरं हाय.”

दोन वर्षांपूर्वी पौषात थंडी कडक पडली. एका पहाटे मी उठून बघते तर भिंत मोकळी आणि काठी कोनाड्यात नीट उभी करून ठेवलेली. आत्ती नेफा सोडवून वाकळ अंगावर घेऊन झोपल्या होत्या. एक हात बाहेर होता आणि झोपेतही बोटं कडेच्या चौकोनावर टेकलेली. मी जागं केलं नाही. उठल्यावर मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, “खराब हुतंय काय गे?” मी म्हटलं, “नाही आत्ती, घ्या खुशाल.” तेव्हापासून ती त्यांच्याकडेच आहे. वापरानं मधले चौकोन विटले आहेत, माक्याचं पान तर आता दोऱ्यावरच उभं आहे. पण रात्री झोप लागली नाही की त्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि पुटपुटत ओळीनं खाली येतात. तिसाव्यापर्यंत पोचायच्या आत बहुधा डोळा लागतो. मुलगी आली की तिच्याशेजारी झोपते. तिला आता बावीस नावं न बघता येतात.

भिंतीवर सध्या काही नाही. दुसऱ्या वाकळेचे अकरा चौकोन झाले आहेत. यात मार्कंडेय नदीच्या काठचं आणि बांधावरचं जे जे मिळेल ते घ्यायचं ठरवलं आहे. केना अजून मनासारखा उतरलेला नाही. त्याचं फूल निळं, पण छापात तेही पांढरंच येणार. ते फूल दुपारपर्यंत मिटून जातं, म्हणून केना सात वाजायच्या आत आणायचा आणि पाण्याच्या कडेचा आणायचा, असं आत्तींनी दोनदा बजावलं आहे.